कुठे आवळतंय?

तारकर्लीला होडीवर स्कुबाचा प्रशिक्षक माझ्या बायकोला जॅकेट चढवत होता आणि मी समोरच्या फळीवर बसून जळत होतो. कारण अगदी साधं होतं. प्रत्येक पट्टा ओढला की तो थांबून विचारायचा, "काकू, कुठे आवळतंय?"

आधी ही म्हणाली, "नाही, ठीक आहे."

"ठीक नको, खरं सांगा. खाली गेल्यावर बोलता येत नाही."

मग ही बोलायला लागली. डावा खांदा वर्षभर धरलाय, तिथे सैल करा. छातीवर जरा दाब येतोय. तो ऐकत गेला, सैल करत गेला. मास्कचा पट्टा हिने स्वतःच करकचून ओढला होता. तोही त्याने ढिला केला आणि मास्कच्या कडेखाली अडकलेली केसांची बट बाजूला सारली. "जास्त घट्ट केला की उलट पाणी आत येतं," तो म्हणाला.

सत्तावीस वर्षं मीही हिला विचारत आलोय, "ठीक आहे ना?" तेही चपला घालता घालता. "ठीक आहे" ऐकलं की मी जिना उतरलेला असायचो. हिचा खांदा वर्षभर धरलाय, हे मला इथे, भर समुद्रात, परक्या माणसामुळे कळावं? त्याच्या हातांचा मला राग नव्हता. तो उत्तरासाठी थांबत होता, त्याचा होता.

मग माझी पाळी आली. त्याने कमरेचा पट्टा ओढला. "काका, कुठे आवळतंय?"

पट्टा पोटात चांगलाच रुतत होता. ही माझ्याकडेच बघत होती.

"नाही," मी म्हणालो, "ठीक आहे."