बाटलीतला दक्षिण समुद्र

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर वाशीतल्या एका नव्या कॉलेजात भूगोलाच्या ऑनर्सला ध्रुवीय प्रदेश आणि महासागर हा विषय होता. शिकवणाऱ्यांनी बर्फ पाहिला होता तो रसवंतीगृहात. विद्यार्थिनी आम्ही तिघी. तुर्भ्याकडून येणारा नाला कॉलेजमागे खाडीला मिळे. त्याचा कुजका, आंबूस वास आत येई, म्हणून हिमनद्यांचा तास खिडक्या बंद करून, घाम पुसत ऐकावा लागे.

माझ्या प्रकल्पाला अंटार्क्टिकाजवळच्या समुद्राचं पाणी हवं होतं. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ तिकडे गेलेल्या मोहिमेच्या जहाजावर काम करून आले होते. त्यांनी एक बाटली दिली. त्या पाण्याची क्षारता मोजायची, नाल्याच्या तोंडाशी घेतलेल्या खाडीच्या पाण्याची मोजायची, आणि तुलना करायची. दुसरी बाटली मिळणार नव्हती. दोन्ही नमुने चिठ्ठ्या लावून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले. रसायनं यायची होती.

त्याआधी खंडेनवमी आली. प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा असे. मी पोचले तेव्हा तराजूला, तापमापकांना हळदकुंकू लागलं होतं. चौरंगावर तांब्या होता, शेजारी माझी बाटली, रिकामी. विभागप्रमुख पळीने तीर्थ देत होते.

"दक्षिण ध्रुवाचं आहे. घ्या."

"खारट लागतंय हो, सर," ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले.

"समुद्र आहे तो. उसाचा रस लागेल का?"

हेडक्लार्कांनी तीर्थाचा ओला हात डोक्यावरून फिरवला. केसांचं तेल बोटांना लागलं. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तीच बोटं पळीला लागली. वाटप संपल्यावर तांब्यातलं पाणी झेंडूच्या पाकळीसकट बाटलीत परत ओतलं गेलं. बाटली अर्धीच भरली.

"सर, ते माझं सॅम्पल होतं."

"होतं काय? आहे की!" विभागप्रमुखांनी कपाटातून खाडीच्या पाण्याचा डबा काढला आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. "महासागर सगळे एकमेकांना जोडलेले असतात, असं तूच लिहिलंस ना गं ट्युटोरियलमध्ये?"

सगळे हसले.

"आणि आकडा पुस्तकातल्याच्या आसपास बसव. बाहेरचे परीक्षक काय ध्रुवावर जाऊन बघणार आहेत?"

मी तो आकडा बसवला नाही. प्रकल्पाच्या शीर्षकातून दक्षिण समुद्र काढला आणि एकट्या खाडीवर अहवाल दिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुलना कुठाय?"

"नमुना पूजेत वापरला गेला, सर."

त्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी कपाटातली बाटली काढून दाखवली. काचेवर कुंकू वाळलं होतं, आत काळी पडलेली पाकळी तरंगत होती. मला वाटलं, आता परीक्षक सरांना जाब विचारतील. त्यांनी चपला काढल्या आणि बाटलीला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्धंच काम झालंय तुमचं." प्रकल्पाच्या गुणांमुळे माझा पहिला वर्ग गेला.

पुढच्या खंडेनवमीला गुणपत्रिका न्यायला गेले होते. चौरंगावर तीच बाटली होती. पाणी हिरवट झालं होतं, तळाशी गाळ बसला होता. विभागप्रमुख पळी भरत होते आणि हेडक्लार्क पुन्हा रांगेत पहिले होते. नाल्याचा वास येतो म्हणून खिडक्या बंद ठेवल्या होत्या.