आरसेवाल्यांचा खरखरीत दांडा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'आरसेवाले' म्हणत. पॉलिश करणं हे त्यांचं काम आणि तेच त्यांचं वेड. त्यांच्या हातून सुटलेल्या पितळी वस्तूत माणसाला आपल्या दातांमधली फटसुद्धा दिसायची. घरातलं एकही पातेलं त्यांनी सोडलं नव्हतं. "आता मलाच तेवढं घासायचं राहिलंय," असं बायको म्हणायची.

त्यांची मुलगी तिथेच इंजिनिअर होती आणि आज तिची पहिली मोठी चाचणी होती. एका कारखान्यात पंपांची पाती सारखी तडकत होती. पात्यांच्या अलीकडे आधाराला एक गोल दांडा असायचा. त्याच्यामागे पाण्याचे मोठाले भोवरे उठत आणि थेट पात्यांवर जाऊन आदळत. मुलीने नवा दांडा बनवला होता. तो पटला तर कारखाना तिचा दांडा बसवणार, नाहीतर काम दुसरीकडे जाणार. ती पाहुण्यांना आणायला गेली तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या माणसांनी दांडा काचेच्या पन्हळीत, पात्यांच्या अलीकडे, बसवूनही टाकला. कारखान्याचे दोन साहेब समोर बसले. आरसेवाले मागे उभे, छाती नुसती फुगलेली!

पाणी सुटलं. पाण्याची वाट दिसावी म्हणून सोडलेली लाल रंगाची धार दांड्यापाशी आली आणि फाटलीच. एक भोवरा डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मागची पाती थडथडू लागली.

"हे तर आमच्याकडेही होतंच की," एक साहेब म्हणाले.

मुलीचं तोंड एवढंसं झालं. "हा चकाकतोय कसा? मी तर त्यावर वाळूचे कण चिकटवले होते!"

आरसेवाले पुढे आले. काल संध्याकाळी तो दांडा टेबलावर पाहून त्यांना वाटलं होतं, कुणीतरी काम अर्धवट टाकून पळालंय. पोरीच्या चाचणीला असला दांडा? मग काय, जीव ओतून घासला होता.

"मीच घासला गं."

"बाबा! अहो, गुळगुळीत दांड्याला पाणी लवकर सोडून जातं, म्हणून मागे एवढे भोवरे. खरखरीत असला की अंगालगतचं पाणी आधीच खवळतं आणि जास्त वेळ चिकटून राहतं."

"मग मला आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही घासाल असं वाटलंच नाही!"

"आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

साहेब हसले, घड्याळ बघत का होईना, चहाला थांबले. कण पुन्हा चिकटवून सुकवायला वेळ नव्हता. आरसेवाल्यांनी सगळ्यात जाड पॉलिश पेपर काढला. आपल्याच आरशावर पहिला ओरखडा मारताना त्यांना अक्षरशः कसंतरी झालं.

"सगळीकडे सारखा हवा हं, बाबा."

"ते मला शिकवू नकोस!" डोळे मिटून, अंगठा फिरवत, ते खसाखसा घासू लागले. मुलगी दुसऱ्या टोकाने भिडली. दोघं घामाघूम झाली.

पुन्हा पाणी सुटलं. लाल धार दांड्याला बिलगली, पार मागपर्यंत गेली आणि बारीक होऊन पात्यांमधून निघून गेली. पाती जागची हलेनात! साहेब उठून काचेला नाक लावून बघू लागले. "असे किती दिवसांत मिळतील?"

मुलगी टाळ्या पिटत ओरडली. तिने तो ओला दांडा काढून बाबांच्या हातात दिला. सवयीने त्यांनी त्यात आपला चेहरा शोधला. काही म्हणता काही दिसेना. मग त्यांनी मान वर केली आणि पोरीकडे बघत म्हणाले, "सुरेख झालाय!"