मशीनवर कोरलेला पाट

कॉम्प्युटरच्या हुकुमाने लाकूड कोरणारं छोटं सीएनसी मशीन पडवीत बांधायला मला एक दिवाळीची सुट्टी पुरली. ते चालवायचं कुठल्या सॉफ्टवेअरवर, या प्रश्नावर मात्र मी जवळपास वर्ष काढलं. आमच्या तोंडवली गावात इंटरनेट नुकतंच आलं होतं, आणि फुकटचे सल्ले किती मिळू शकतात याचा मला अजून अंदाज नव्हता.

त्यात घरच्या गणपतीच्या पाटाला वाळवी लागली. आमच्याकडे गणपती दुकानातून आणत नाहीत. घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा, मग तो त्याच पाटावर आपला गणपती घडवतो. पाट नाही तर गणपती नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस. भर जेवणात जाहीर केलं, की यंदाचा पाट मशीनवर होणार, नक्षीसकट. बायकोने माझ्या पानात आणखी भात वाढला. मी तो होकार धरला.

मग सल्लागार जमले. टेलिफोन खात्यातला माझा मित्र फुकटच्या सॉफ्टवेअरचा कट्टर भक्त. विकतच्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं तरी त्याला पाप वाटे. मेहुणा गोव्यात कारखान्यात कामाला जाणारा. त्याचा विकतच्यावर जीव. "भावजींनू, धंदेवाले सगळे ह्याच वापरतत," म्हणायचा. मी धंदेवाला नव्हतो, पण ऐकायला बरं वाटायचं. विकतच्याची चाचणी आवृत्ती पडद्यावरच अर्ध्या नक्षीत थांबायची. फुकटचं घालायला आधी सगळा कॉम्प्युटर पुसावा लागायचा. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि दोघेही चहाला माझ्याकडेच येत राहिले.

तेवढ्यात कार्डाचा प्रश्न निघाला. कॉम्प्युटरचा हुकूम मोटरींपर्यंत पोचवणारं एक कार्ड लागतं, आणि ते प्रिंटरच्या जुन्या, रुंद पोर्टला जोडायचं असतं. माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपला ते पोर्टच नव्हतं. मी ऐटीत यूएसबीचा कन्व्हर्टर मागवला. त्याने प्रिंटर उत्तम चालला. मोटरी ढिम्म हलल्या नाहीत.

शेवटी कणकवलीच्या सायबर कॅफेवाल्याने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मी आणला. त्याला पोर्ट होतं, आणि फुकटचं सॉफ्टवेअर तेवढं त्याच्यावर चालत होतं. इतक्या महिन्यांच्या वादाचा निकाल भंगाराने लावला. मित्र आपणच जिंकल्यासारखा पेढे घेऊन आला.

श्रावण अर्धा सरला तेव्हा पाट झाला. मधोमध कमळ, भोवती वेलबुट्टी, रेघ न रेघ सारखी. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. धुतलेल्या पंचात गुंडाळून मी तो स्वतः मूर्तिकाराच्या शाळेत घेऊन गेलो.

मूर्तिकाराने मातीचे हात फडक्याला पुसले आणि पाट उलटसुलट पाहिला.

"बरो झालो हा. पण मास्तरांनू, ह्या कमळावर गणपती बसतलो. मगे कमळ दिसतला कोणाक?"

एवढा साधा विचार ना मला सुचला होता, ना मित्राला, ना मेहुण्याला. आम्ही सगळे मोटरीच्या वेगात अडकलो होतो.

"दिसूदे नाय दिसूदे," मी म्हटलं, "आमचा गणपती ह्याच्यावरच करा."

तो अवघडला. "तुमचो गणपती? तो बघा थंय."

कोपऱ्यात आमचा गणपती सोंडेपर्यंत तयार होता. फणसाच्या साध्या पाटावर निवांत बसलेला.

"वयनीन पाट कधीच धाडल्यान," मूर्तिकार म्हणाला.

कोरलेला पाट परत पंचात गुंडाळला. राग आला होता, आणि रडूही. वाटेत कोणी काय नेताय विचारलं तर काय सांगायचं, तेही सुचेना.

बायको मागच्या दारी भाजी निवडत होती. पंचातला पाट बघून तिला सगळं कळलं असावं. मी तिला एवढंच विचारलं, की सुताराला पाट करायला कधी सांगितलंस?

तिने मान वर केली नाही.

"तुमी जेवताना म्हणालात ना, यंदा पाट मशीनवर करतलंय म्हणान? त्याच दिसा. तुमी हात धुवूक उठलात तेवा."