मागून येणारी घंटी

आमचा सायकल क्लब म्हणजे बारामतीतल्या एका मेडिकल दुकानामागची खोली, आणि सभासद चौघे. दुकान ज्याच्या वडिलांचं तो कप्तान. त्याच्यापेक्षा चांगली सायकल आम्ही तिघंही चालवत होतो, पण पंपही त्याचा आणि खोलीही त्याची, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. दुसरा शाळेत पीटी शिकवायचा, त्याला आम्ही मास्तर म्हणत असू. तिसरा साखर कारखान्यात फिटर. चौथा मी, कळसच्या बाजूला माळावरच्या वस्तीतला, बारामतीत कॉलेजला राहिलेला आणि कशावरूनही पटकन तापणारा.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. गिअरच्या, जाड टायरच्या सायकली नुकत्याच आमच्याकडं दिसू लागल्या होत्या. मी ती सायकल पहिल्यांदा वस्तीवर नेली तेव्हा शेजारच्या तात्यांनी तिला चारी बाजूंनी पाहिलं. "मडगार्ड न्हाय, क्यारेज न्हाय, पोतं ठेवायचं कुठं?" ते म्हणाले. मी म्हटलं, ही पोत्यासाठी नाही. "मग कशासाठी हाय?" 

त्या हिवाळ्यात शर्यत निघाली. बारामती ते नरसिंहपूर, म्हणजे थेट नीरा-भीमेच्या संगमापर्यंत, आणि तीही डांबरी रस्ता जमेल तितका टाळून. कालव्याच्या कडेनं, बैलगाडीच्या वाटांनी, कळसच्या पुढं माळावरून निमगाव केतकीत उतरायचं आणि पुढं संगमाकडं. चौघांचा संघ. निमगावात प्रत्येकाच्या दंडावर गेरूचा ठिपका लावणार आणि चौघांचे चार ठिपके झाले तरच संघ पुढं जाणार. मेंढरांना खूण करतात तशी ही माणसांना खूण, असं मी म्हणालो तेव्हा मास्तर खूप हसला. मला मात्र ते घरचंच वाटलं, कारण आमच्या घरात एके काळी मेंढरं होती.

आजोबांच्या कळपात घंटी सगळ्यात पुढच्या मेंढीच्या गळ्यात नसे. ती सगळ्यात मागं रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात असे. आजोबा पुढं चालत आणि मागं वळून बघत नसत. मागची घंटी ऐकू येते आहे ना, म्हणजे मधलं सगळं आलं. मी ही रीत क्लबात आणली. वाट धुळीची असली, पुढचा दिसेनासा झाला, की कप्तान घंटी वाजवायचा, त्याच्या मागं मास्तर, मग फिटर, मग सगळ्यात शेवटी मी. माझी वाजली की कप्तान निर्धास्त पुढं जायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की कुणी मान वळवेनासा झाला.

आजोबांच्या त्या घंटीची आमच्या घरात एक गोष्ट होती. ती कुणी सांगत नसे, पण सगळ्यांना माहीत असे. माझ्या जन्माच्या किती तरी आधी, वळवाच्या एका संध्याकाळी, कळप माळावरचा ओढा ओलांडत होता. आजोबा पुढं आणि सगळ्यात मागं माझ्या वडिलांचा थोरला भाऊ, म्हणजे माझा चुलता, तेव्हा माझ्याएवढाच. वरच्या अंगाला पाऊस झालेला. ओढ्याला लोंढा आला. आजोबांनी त्याचा आवाज ऐकला, पण घंटी त्या आवाजापेक्षा जवळ वाजत होती, म्हणून ते थांबले नाहीत. घंटी मागं वाजत राहिली, थेट मुक्कामाच्या जागेपर्यंत. तिथं ते वळले तर मागं मूठभर मेंढरं आणि रिकामी वाट. म्हातारी मेंढी दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली, गळ्यात घंटी तशीच. चुलता त्याच्याही खाली सापडला. उरलेली मेंढरं आजोबांनी विकून टाकली आणि आमचं घर शेतीला लागलं. घंटी देव्हाऱ्यात आली. ती कुणी वाजवत नसे.

मला ही गोष्ट लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी कानावर पडून पाठ झाली होती आणि तिची भीती कधीच गेली होती. माणूस दमलेला असला की कान वाजतात, इतकंच. माझ्या सायकलची घंटी नुकतीच मोडली होती, घरात एक नुसती पडून होती. मी ती मागितली.

आबा गोठ्यात होते. आबा म्हणजे माझे वडील. दिवसाला चार वाक्यं बोलले तर खूप. त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली. मला वाटलं आता भडका उडणार, आणि मीही तयारीत होतो. पण ते म्हणाले, "ने. पर तुज्या म्होरं जो चालतो त्येला सांग, त्या घंटीवर भरवसा ठेवू नगं."

मी कप्तानाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही. घंटी चामड्याच्या पट्ट्यानं हँडलला टांगली आणि तिच्या आतल्या लोळ्याला ट्यूबची पट्टी बांधली, म्हणजे खड्ड्यात ती आपोआप वाजत नसे. बोटानं पट्टी ओढली तरच वाजे. आवाज जड, तांब्यावर मूठ मारल्यासारखा. इतर तिघांच्या किणकिणीत तो लगेच ओळखू यायचा.

शर्यतीच्या दिवशी उजाडता उजाडता बारामतीहून निघालो. कळसपर्यंत सगळं ठीक होतं. लोक उसाच्या फडातून बाहेर येऊन बघत होते, शाळेतली पोरं ओरडत होती, आणि आम्ही पहिल्या काही संघांत होतो. कप्तान तर पुढारी निवडून आल्यासारखा हात हलवत होता. माळाला लागलो आणि धुकं आलं.

आमच्याकडं हिवाळ्यात धुकं पडतं, त्यात नवल नाही. पण ते सहसा कालव्याकडून, उसाकडून पसरतं आणि ऊन आलं की विरतं. हे धुकं ऊन आल्यावर आलं, तेही माळाच्या वरच्या अंगानं. सूर्य वर होता, पण ताकातल्या लोण्याच्या गोळ्यासारखा. पुढचा फिटर आधी अर्धा दिसेनासा झाला, मग पूर्ण. कप्तानाची घंटी वाजली. मास्तरची, फिटरची. मी पट्टी ओढली.

बराच वेळ असंच चाललं. कप्तानाच्या घंटीला तडा होता, ती खरखरायची. मास्तर नेहमी दोनदा वाजवायचा. फिटरची तुटक. मला त्या झोपेतही ओळखता आल्या असत्या. मी नुसता त्यांच्या मागं जात होतो, खाली मान घालून, आणि खाली मान असल्यामुळंच मला ते दिसलं. समोरच्या गवतावरचं दव मोडलेलं नव्हतं.

तीन सायकली पुढं गेल्यावर गवतात वाट पडते. दव झडून जातं, मातीत टायरची नक्षी उठते. इथं काहीच नव्हतं. गवत सगळीकडं सारखं, पांढरं, कुणी न शिवलेलं. मी थांबायला हवं होतं. पण पुढं घंट्या वाजल्या, खरखरती, दुहेरी, तुटक, आणि नंतर माझ्यासाठी ठेवलेली तेवढी जागा. मी वाजवली. माणसाचा डोळ्यांपेक्षा सवयीवर जास्त विश्वास असतो.

जमीन उतरती झाली. ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. पुढचं चाक दगडात गेलं आणि मी सायकलीसकट ओढ्यात पडलो.

पाणी फार नव्हतं, कालव्याचं जादा सोडलेलं असावं, पण बर्फासारखं गार होतं. उजवा खांदा निखळल्यासारखा झाला होता. पाऊल चेन आणि दगड यांच्यामध्ये अडकलेलं. मी पाण्यात कंबरेपर्यंत बसलेला आणि सायकल माझ्या मांडीवर. कुठं आहे हे मला लगेच कळलं. हा तोच ओढा. शर्यतीची वाट इथून जातच नव्हती.

मी कप्तानाला हाका मारल्या. शिव्याही दिल्या. उत्तर आलं ते पलीकडच्या काठावरून. खरखरती. दुहेरी. तुटक. मग थांबणं.

मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. वाटलं, तेही वाट चुकलेत, तिथंच आहेत. मी डाव्या हातानं घंटी वाजवली. पुन्हा तिन्ही वाजल्या, पण जरा खालून, ओढ्याच्या खालच्या अंगानं. मी पुन्हा वाजवली. पुन्हा तिन्ही, आणखी खाली, जिथं बाभळीचं रान सुरू होतं तिथून. आणि मग त्या थांबण्यात, मी पट्टीला बोट लावायच्या आत, चौथी वाजली. जड, तांब्यावर मूठ मारल्यासारखी. माझी घंटी माझ्या हाताखाली गप्प होती आणि तिचा आवाज बाभळीतून येत होता.

मी ती मुठीत आवळली. लोळा तळहातात रुतला तरी सोडली नाही. मी रडत होतो आणि आवाज होऊ नये म्हणून दंड चावत होतो.

निमगावात त्याच सुमारास काय झालं ते मला नंतर त्या तिघांनी सांगितलं. तिघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि ते एकच निघालं. ते वाट चुकले नव्हते. माळभर दर वेळी माझी घंटी त्यांच्या मागं वाजत होती. धुक्यातून ते गेरूवाल्या माणसापाशी उतरले, तिघांना ठिपके लागले. मागून माझी घंटी जवळ येत होती. गेरूवाल्यानं चौथ्यासाठी बोट बुडवून हात पुढं धरला. घंटी आली. त्याच्या हातासमोरून गेली, उभ्या माणसांमधून गेली, बाजाराच्या रस्त्याला लागली आणि बंद झाली. खाली सायकल नव्हती, माणूस नव्हता. गेरूवाला हात तसाच धरून उभा. "अरं, गेला कुठं त्यो?" असं तो म्हणाला आणि कुणीही हसलं नाही.

त्या गर्दीत आबा होते. शर्यत बघायला येणार म्हणून त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. फिटर म्हणाला, घंटी समोरून गेली तेव्हा एका माणसानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं, मयतीला काढतात तसं. मग त्यानं कुणाला काही न विचारता एकाच्या मोटरसायकलवर टांग टाकली आणि म्हणाला, "ओढ्याला चल."

मला मोटरसायकलचा आवाज ऐकू आला नाही. पाण्यात पाय पडल्याचा आला. मी घंटी आणखी घट्ट धरली. धुक्यातून आबा आले, त्यांनी माझ्याकडं न बघता आधी चेन सोडवली, मग पाऊल. मला बगलेत धरून काठावर ठेवलं. मोटरसायकलवाल्याला त्यांनी परत पाठवलं. तो जायला उतावीळच होता. ओढ्यापासून आमची वस्ती काही लांब नाही. आबांनी सायकल खांद्यावर घेतली, घंटी हँडलवरून सोडवून मुंडाशात गच्च गुंडाळली आणि चालू लागले. मागून मी, एक हात दुसऱ्या हातानं धरून.

ते पुढं आणि मी मागं. धुकं तसंच होतं. मी म्हणालो, आबा, जरा हळू. ते थांबले, पण वळले नाहीत.

"बोलत ये," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"कायबी. पर थांबू नगं."

ज्या माणसाशी मी आयुष्यात सलग पाच वाक्यं बोललो नव्हतो, त्याच्या पाठीशी मी बोलत सुटलो. गिअर कसे बदलतात ते सांगितलं. कप्तान कसा चिक्कू आहे ते सांगितलं. बारामतीच्या खानावळीतली आमटी किती पातळ असते, कॉलेजात मी कोणत्या विषयात नापास झालो होतो आणि घरी सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. ते चालत होते. पण मी श्वास घ्यायला थांबलो की त्यांचं पाऊलही थांबायचं. तसेच उभे राहायचे, पाठ माझ्याकडं, मान ताठ. एकदा मी वेदनेनं जरा जास्तच वेळ गप्प राहिलो तेव्हा सायकलचं चाक त्यांच्या खांद्यावर थरथरताना दिसलं. तेव्हा मला कळलं की आबा मागं वळायला घाबरतायत. त्यांचा बाप असाच चालत आला होता आणि असाच वळला होता. मला त्यांची इतकी माया आली की मी पुन्हा खांद्याचं दुखणं विसरून आमटीवर आलो.

वस्तीची कुत्री भुंकली. दारात आई उभी होती. तिनं आधी आबांकडं पाहिलं, मग त्यांच्या मागं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळायच्या आत आबांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच सायकल खाली ठेवली आणि वळले. हात पुढं करून त्यांनी माझं डोकं चाचपलं, कान, मान, चांगला खांदा, दुखरा खांदा, पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत, बाजारात मेंढरू चाचपतात तसं. त्यांचे तळवे गार होते. मी अजून बोलतच होतो, काय ते आठवत नाही.

"हायस," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

ते तसं म्हणेपर्यंत मलाही त्याची खात्री नव्हती.