पाठीवरचा गोल

ओल्या चामड्याचा चेंडू पाठीवर आदळला की आधी आवाज ऐकू येतो आणि वेदना जरा उशिराने पोचते. मधल्या त्या निमिषभरात लखनौची जानेवारीतली ती सबंध दुपार मला अजून दिसते. उन्हाला ऊब नव्हती, नुसता रंग होता. धुक्याने भिजलेलं गवत बुटांखाली दबून कच्चा, हिरवा वास सोडत होतं आणि रेषेपलीकडे कुणीतरी भाजलेल्या शेंगा फोडत बसलं होतं.

अंतिम सामना होता. एका बाजूला चौक या जुन्या मोहल्ल्याची टीम, आठवडाभर कापडावर चिकनकारीची सुई चालवणाऱ्या कारागिरांची. दुसऱ्या बाजूला स्टेशनजवळच्या चारबागची. बँकेच्या नोकरीने लखनौला आणलेला मी रविवारी रेफ्री होत असे, आणि अंतिम सामना मला पहिल्यांदाच मिळाला होता. बरोबरी होती, पाच मिनिटं उरली होती. चौकाचा गोलकीपर पुढे येऊन आडवा पडलेला, आणि त्यांचा कप्तान अन्वरभाई गोलसमोरून चेंडू लांब मारायला धावला. चेंडू आता मध्यावर जाणार म्हणून मीही पाठ फिरवून तिकडे पळू लागलो, आणि त्याची ती सणसणीत किक माझ्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये बसली. वळून पाहिलं, तर माघारी उसळलेला चेंडू त्यांच्याच मोकळ्या गोलात शिरत होता.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

काय करायचं ते मला ठाऊक होतं, आणि त्याचं श्रेय मेहकरच्या शाळेतल्या ठोंबरे सरांना आहे. बाजार समितीत हमाली करणाऱ्या माझ्या वडिलांच्या घरात शाळेबाहेरचं पहिलं पुस्तक आलं ते सरांनी दिलेलं, मुखपृष्ठ गळालेलं, फुटबॉलच्या नियमांचं. मी किरकोळ अंगाचा. संघात कुणी घेत नसे. “खेळता येत नाही ना? मग नियम पाठ कर,” सर म्हणाले होते, “नियम येणाऱ्याला मैदानातून कुणी हाकलू शकत नाही.” डिक्शनरी जवळ घेऊन मी ते पुस्तक वाचलं, आणि पुढे पदवीपर्यंतची सगळी पुस्तकं त्याच हिमतीवर. त्यात स्पष्ट होतं: मैदानातल्या रेफ्रीला लागून उसळलेला चेंडू खेळातच असतो. तो गोलात गेला, तर गोल.

मी शिट्टी वाजवून मध्याकडे हात केला.

“वानखेड़े साहब, गुस्ताख़ी माफ़,” अन्वरभाई छातीवर हात ठेवून पुढे आला. “पिछले इतवार हमारी गेंद कुत्ते से लगकर अंदर गई, आपने कहा, बाहर की चीज़ है, गोल नहीं। आज आपसे लगी तो गोल? ज़रा समझा दीजिए, कुत्ते में और आपमें फ़र्क़ क्या है?”

हशा उसळला. “कुत्ता तो फिर भी यहीं का था!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि अख्खं मैदान हसलं.

स्पर्धेचे सेक्रेटरी रेषेवरून आत आले, माझ्या कानाशी वाकले. “ड्रॉप बॉल दे दीजिए, झंझट ख़त्म। वरना अगले साल सोचना पड़ेगा।”

चेंडू पुन्हा जमिनीवर टाकायचा, इतकंच. पण मागून आलेलं ते ‘कुत्ता यहीं का था’ पाठीवरच्या चेंडूपेक्षा खोल बसलं होतं. नऊ वर्षं मी या शहरात राहत होतो. चहावाला रोज आपुलकीने विचारायचा, “घर कब जा रहे हैं?”, आणि ज्या घरातून मी उठून आलेलो असे ते त्याच्या हिशेबात घरच नव्हतं. माझी मुलगी मराठी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. गावी तिला लखनौवाली म्हणत आणि इथे मी बाहरवाला. या सगळ्या शहरात एवढं एकच मैदान होतं, जिथे मी कुठला हे पुस्तकात लिहिलेलं होतं. ते मी कसं सोडणार?

“फ़र्क़ है,” मी म्हणालो. माझ्या हिंदीत त्यांची नजाकत नव्हती, पण आवाज ठाम निघाला. “कुत्ता बाहर से आया था। मैं इस मैदान का हूँ, जैसे वो पोल। पोल से लगकर जाए तो गोल, मुझसे लगकर जाए तो भी गोल।”

चौक हरला. सेक्रेटरींनी आपला शब्द पाळला. पुढच्या हिवाळ्यात मला बोलावणं आलं नाही. मी विचारायला गेलो नाही, पण घरीही बसलो नाही. दर रविवारी शिट्टी खिशात घालून रेषेला लागून उभा राहत असे. कितीतरी आठवडे अन्वरभाईने ओळख दिली नाही. मग एकदा चेंडू माझ्या रोखाने आला आणि तो हसत ओरडला, “सँभल के मियाँ, पोल साहब खड़े हैं!”

ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

अलीकडे नियम बदलला आहे. आता चेंडू रेफ्रीला लागून गोलात गेला तर खेळ थांबवतात आणि चेंडू नव्याने टाकतात, कुत्र्याला लागल्यावर टाकावा तसा. ठोंबरे सर असते तर जुन्या ओळीवर काट मारून त्यांनी नवी ओळ पाठ करायला लावली असती, आणि ती मी केलीही आहे. तो गोल मात्र मी मागे घेतलेला नाही. निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. थंडीच्या दिवसांत चौकातल्या गल्लीतून जाताना एखादा पांढऱ्या दाढीचा कारागीर मागून “पोल साहब!” अशी हाक देतो, तेव्हा दोन्ही खांद्यांमधली ती जागा आधी ऐकते, आणि मी जरा उशिराने वळतो.