बॅच चौदाचं पत्र

१५ ऑक्टोबर १९९१, मंगळवार. दोनशे रिससिटेटर खोक्यांत भरून झाले होते आणि मी बॅच नंबरची लेबलं चिकटवत होते. रिससिटेटर म्हणजे हाताने दाबून पेशंटला श्वास द्यायची रबरी पिशवी. दोन जिल्ह्यांत मुलांना मेंदूज्वर झाला होता आणि तिथल्या दवाखान्यांत व्हेंटिलेटर नव्हते. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला येणार होता.

अंबरनाथच्या त्या छोट्या कारखान्यात मी क्वालिटी बघायचे. आमचा नियम होता : माल दहा दिवस खोक्यात ठेवायचा, मग पुन्हा तपासायचा. सरकारला तेवढा वेळ नव्हता. म्हणून इन्डेम्निटी लेटर आलं. दहा दिवस न थांबता माल द्या. त्यामुळे कोणाला इजा झाली, दावा लागला, तर भरपाई सरकार देईल. आमचे मालक गोपशेठ ते पत्र उल्हासनगरला घरी नेऊन बायकोला दाखवून आले होते.

"मॅडम, इकडं या जरा."

असेंब्लीवरच्या शकुंतलाने एक फाटलेलं खोकं बदलायला घेतलं होतं. सवयीने तिने पिशवीला टेस्टचा फुगा लावून दाबून बघितलं.

"फुगतोय, पण उतरत नाही."

व्हॉल्व्हमधली रबराची चकती चिकटली होती. म्हणजे मुलाच्या छातीत हवा जाईल, बाहेर येणार नाही.

वीस खोकी उघडली. तिनात तेच. शुक्रवारी याच पिशव्या पास झाल्या होत्या. चकत्यांचा लॉट नवा होता आणि ते रबर चार दिवस बंद राहिलं की चिकटत होतं.

जुन्या लॉटच्या चकत्या शिल्लक होत्या, पुरेपूर तपासलेल्या. संध्याकाळपर्यंत बदलून झाल्या असत्या. पण पार्ट बदलला की बॅच नंबर बदलतो, आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं : फक्त बॅच क्रमांक १४. खराब मालाला सरकारचं संरक्षण होतं, दुरुस्त केलेल्याला नव्हतं.

मी मुंबईला फोन लावला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," क्लार्क म्हणाला. "पत्र बदलायचं तर फाइल परत वर जाणार. पंधरा दिवस धरा."

गोपशेठ म्हणाले, "चकती बदला, नंबर चौदाच ठेवा. कौन देखता है?"

"केस झाली तर पहिलं माझं रजिस्टर मागतील, शेठ. नंबर खोटा निघाला की पत्रही गेलं."

"आणि बॅच पंधरा लिहून काही झालं, तर कारखाना माझा जाणार. तुम्ही दुसरीकडे नोकरी धराल."

ते खरंच होतं.

"मग चौदा पाठवू? दोनशेत तीसेक चिकटतील. कुठल्या, ते मला सांगता येणार नाही."

शकुंतलाने फुगा पुन्हा फुगवला. शेठ त्याच्याकडे बघत राहिले. तो उतरला नाही.

"बंद कर ते," शेठ म्हणाले. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या. "चकत्या कुठायत?"

"आधी हात धुऊन या, शेठ," शकुंतला म्हणाली. "मघाशी खाल्लेल्या पकवानाचं तेल लागलं तर ह्यापण चिकटतील."

सात वाजेपर्यंत दोनशे आणि वर एक जादाची झाली. प्रत्येकीला फुगा लावला.

सुधारलेलं पत्र तीन आठवड्यांनी आलं. तोवर शेठ रोज सकाळी मला एकच विचारायचे, "दवाखान्यातून फोन नाही ना आला?" नाही आला. कुठलंही इन्डेम्निटी लेटर मी तेव्हापासून दोनदा वाचते. त्यात कारखान्याचं नाव असतं, खात्याचं असतं. पेशंटचं नसतं.

त्या बुधवारी सकाळी मात्र बॅच पंधरासाठी हातात कुठलंच पत्र नव्हतं. सहाला ट्रक आला. मी एक खोकं उघडलं, मास्क स्वतःच्या तोंडाला लावला आणि शकुंतलाला खूण केली, दाब. श्वास आत आला. बाहेर गेला. ती पिशवी बाजूला काढून तिच्या जागी जादाची भरली, चलनावर 'बॅच १५' लिहिलं आणि खाली सही केली.