देठ नसलेलं पान

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर बायकोला वाचून दाखवायचो ते हसण्यासाठी. मी सर्व्हेअर आहे. टेपने मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. तरी लिहितोय…

माझे बाबा छावणीजवळच्या एका शाळेत खेळ आणि चित्रकला, दोन्ही शिकवायचे. साठीतही लंगडीत पोरांना दमवायचे, आणि संध्याकाळी आई भाकरी थापत असली की समोर बसून तिचं चित्र काढायचे. "माझी भाकर करपंल तुमच्या नादात," आई म्हणायची, पण हलायची नाही.

मैदान आखताना फक्की, म्हणजे चुन्याची पूड, ते मुठीने टाकत. प्रत्येक लेनच्या सुरुवातीला त्याच फक्कीने आंब्याचं एक छोटं पान काढत. पानाला देठ मात्र त्या लेनचं पोर जागेवर उभं राहिल्यावरच.

ते गेले. दुसऱ्या वर्षी शाळेने त्यांच्या आठवणीत शर्यती ठेवल्या. माझी नऊ वर्षांची इरा सगळ्यात बाहेरच्या लेनमध्ये धावणार होती. मैदान आखायचं मी हट्टाने मागून घेतलं.

सकाळी साडेसातला काम संपलं. गेट आतून बंद, आत मी आणि जुने सेवक शेखचाचा. आम्ही दोघं लिंबाखाली चहा घेऊन परतलो, तर इराच्या लेनची बाहेरची रेघ वळणावर चांगली चार फूट आत सरकलेली… आणि सुरुवातीला पान.

"चाचा, ही चेष्टा कुणाची?"

चाचा पानाकडे बघत राहिले. "सर का हात है ये. तीस साल बघितला मी."

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली. पायाने सगळं पुसलं, खुंटी ठोकून, दोरी लावून पुन्हा माझी रेघ ओढली. हात धुवायला नळावर गेलो — दहा पावलं. वळून पाहिलं तर रेघ पुन्हा आत, पान पुन्हा तिथंच. फक्की अजून हवेत तरंगत होती.

पोरं जमू लागली होती. मी पुन्हा पुसायला पाय उचलला.

"मत मिटाओ साहेब," चाचांनी माझा दंड धरला. "लेकरू तुमचंच पळणार हाय ना?"

मी ती लेन रद्द केली. इरा रडली, मग माझ्याशी बोलेनाच.

शिट्टी वाजली. पाच पोरी वळणावरून पुढे गेल्या आणि मागे धप्प आवाज झाला. वळणावर माझी रेघ जिथून गेली असती तिथली जमीन माझ्या खुंटीसकट खाली गेली होती. जुन्या नहरीचा, जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा… दीड पुरुष खोल. मी नंतर सगळे नकाशे धुंडाळले. कुठल्याच नकाशात ती नहर नाही.

बायको म्हणते, "तुम्हीच काढलं असेल, भान नसताना." असेलही. पण बाबांनी हात धरून शिकवलं तरी मला पान कधी जमलं नाही.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर इरा त्या पानापाशी बसली होती. "पप्पा, आजोबांनी याला देठ काढलाच नाही," ती म्हणाली.

खरंच नव्हता. मी तिला तिथून उचललं आणि घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही.